पूर्ण एक मिनिट

माणसाचा श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं. छातीकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं आणि साठ सेकंद दुसरं काही करायचं नाही. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि वॉर्डात पाऊल टाकलं की सगळ्या मुली विसरतात. मीही विसरले. पंधरा सेकंद बघायचं आणि चारने गुणायचं. पाच भरले, लिही वीस. घाई असली तर तेवढंही बघायचं नाही, नुसतंच वीस. सत्तावीस वर्षांत मी किती हजार वेळा वीस लिहिलं असेल, देव जाणे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

मी ज्योत्स्ना पाटोळे. मिरजेच्या अनुकंप हृदयालयात स्टाफ नर्स. दुसरा मजला, हृदयविकाराचा वॉर्ड, अठ्ठावीस खाटा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जागल्या आला. जुन्या काळी गावात पहारा देणाऱ्याला जागल्या म्हणत, म्हणून कंपनीने हे नाव दिलं. पेशंटच्या छातीवर तळहाताएवढी मऊ पट्टी चिकटवायची. नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, हृदयाचा आलेख, सगळं ती पट्टी मिनिटामिनिटाला पाठवते. त्यावरून जागल्या शून्य ते शंभर असा एक आकडा काढतो. तीसच्या आत हिरवा, साठच्या वर लाल. लाल म्हणजे येत्या आठ तासांत हा पेशंट बिघडणार.

हे त्याला कळतं कसं? तर आमच्या वॉर्डाचे सात वर्षांचे चार्ट त्याला खायला घातले होते. दोन लाखांवर पानं. त्याला हृदयरोग कुणी शिकवला नाही. या पानांतला कोण चालत घरी गेला आणि कुणाला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, एवढंच सांगितलं. दोघांच्या पानांत फरक काय, तो तुझा तू शोध. त्याने शोधला. बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या चार्टांवर त्याची परीक्षा घेतली, तर दहातले नऊ पेशंट त्याने आठ तास आधी बरोबर ओळखले. फरक नेमका काय सापडला, ते मात्र कंपनीलाही सांगता येत नव्हतं. यंत्र आकडा देतं, कारण देत नाही.

खऱ्या पेशंटला पट्ट्या लावल्या त्या पहिल्या आठवड्यात गंमत झाली. अख्खा वॉर्ड लाल! कंपनीची माणसं धावत आली. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: पट्टी श्वास फार बारीक मोजते, सतरा काय, एकोणीस काय, आणि जुन्या चार्टांत तर सगळीकडे सोळा, वीस, चोवीस. मग त्यांनी पट्टीचे आकडे जवळच्या सोळा-वीस-चोवीसवर नेऊन बसवायची सोय केली. जागल्या शांत झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

महिन्याभरात पाळीला पाचाच्या दोन सिस्टर उरल्या. चौघींची बदली घरपोच सेवेत झाली, बाकीच्यांना घरी पाठवलं. आणि नियम आला: जागल्या हिरवा असताना पेशंटजवळ गेलं, तर ती 'अनावश्यक फेरी'. माझ्या पहिल्या महिन्यात दोनशे बारा अनावश्यक फेऱ्या निघाल्या. प्रशासक मेहेंदळे साहेब चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मला समज देत होते, "पाटोळे सिस्टर, तुमची ऊर्जा वाया जातेय." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय सांगणार, की पेशंटशी दोन शब्द बोलणं हीसुद्धा तपासणी असते?

चौदा नंबरला अक्काताई मगदूम होत्या. वय एकसष्ट, गाव आरग. भडंगाचा धंदा त्यांनी स्वतः उभा केलेला, भट्टीपाशी चाळीस वर्षं काढलेली. हृदयाचा जोर निम्म्याहून कमी झालेला. हृदय असं दमलं की रक्त पुढे रेटलं जात नाही, मागे तुंबतं आणि पाणी फुफ्फुसात झिरपायला लागतं. पेशंट कोरड्या खाटेवर बसून आतल्या आत बुडतो. पण अक्काताईंचं तोंड मात्र ठणठणीत. आल्या दिवसापासून सगळ्यांना नावं ठेवत होत्या. "ह्ये पोहं म्हनायचं का भुस्सा? माझ्या हाताचं भडंग खाल्लास तर नवऱ्याला इसरशील, सिस्टर."

त्या गुरुवारी सकाळी दहाला त्यांनी माझ्याकडे तिसरी उशी मागितली.

"दोन पुरत नाहीत?"

"मान अवघडलीया."

एवढंच बोलल्या. पोह्यांना नावं नाहीत, सुनेवर ओरडा नाही. सून शिल्पा कोपऱ्यात गप्प उभी होती. सवयीने तिलाही कळलं होतं, की घरातली बडबड थांबली म्हणजे काहीतरी बिनसलंय. उशा वाढल्या म्हणजे आडवं झालं की दम लागतो, हे आमच्याकडची झाडणारी मावशीसुद्धा सांगेल. मी जागल्याच्या पडद्याकडे बघितलं. चौदा नंबर: बावीस, हिरवा.

डॉक्टर निहार उपाध्ये काउंटरवर होते. पोरसवदा असताना आले तेव्हा शीर सापडत नाही म्हणून रडकुंडीला यायचे. सुई धरायला मी शिकवलं होतं त्यांना. मी म्हटलं, "डॉक्टर, मगदूमबाईंना एकदा ऐकून घ्या. बरं वाटत नाहीये मला."

"काय बरं वाटत नाहीये?"

"गप्प झाल्यात."

ते हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानेच हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "सिस्टर, नाडी बहात्तर आहे. जागल्या हिरवा आहे. हिरव्यावर तपासलं तर मला लेखी कारण द्यावं लागतं. काय लिहू? गप्प झाल्या?"

नाडी बहात्तरच राहणार होती. नाडी वाढू नये म्हणून रोज गोळी देत होतो आम्ही! आग लागली तरी वाजणार नाही अशी घंटा आम्हीच बांधून ठेवली होती, आणि घंटा वाजत नाही म्हणून सगळे निर्धास्त.

मला वाटलं पट्टीच खराब असेल. ती काढायला परवानगी एकाच वेळी, सकाळी आठ ते नऊ, स्पंजने अंग पुसताना. पट्टी निघाली की यंत्रात हाताने नोंद करायचा चौकोन उघडतो. अकरा वाजले होते. मी सरळ 'स्पंज' असं कारण दाबलं, पट्टी उपटली आणि अक्काताईंच्या छातीकडे बघत उभी राहिले. साठ सेकंद. एकतीस. मी एकतीस लिहिलं.

दहा सेकंदांत चौदा नंबर लाल झाला. ब्याऐंशी.

मग काय विचारता! निहार पळत आले, मशीन आलं, मास्क आला. अक्काताईंना ताठ बसवून पाय खाली सोडले, लघवी मोकळी करणारं इंजेक्शन शिरेत गेलं. ओठ निळे पडायला लागले होते. जरा स्थिर झाल्यावर त्यांना खाली अतिदक्षता विभागात नेलं. वीस मिनिटं उशीर झाला असता तर शिल्पाला काय सांगितलं असतं आम्ही?

शुक्रवारी सभागृहात सगळ्यांना बोलावलं. मेहेंदळे साहेब माईकवर म्हणाले, "काल जागल्याने एक प्राण वाचवला." पडद्यावर तो लाल चौकोन, मोठा करून. टाळ्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. सभा संपल्यावर माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस. गुन्हा काय? अवेळी स्पंज. चौकशी होईपर्यंत मला यंत्रात हाताने नोंद करायला बंदी.

मी नोटीस घडी करून एप्रनच्या खिशात घातली आणि औषधं वाटायला गेले. काय करणार, दोघीच तर होतो.

शनिवारी कंपनीची मुलगी आली. अस्मिता चौगुले, पंचवीस-सव्वीसची, गडहिंग्लजची. ती चहा घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? तुम्ही एकतीसच का लिहिलंत?"

"मोजले म्हणून."

"तसं नाही. तुमच्या सात वर्षांच्या चार्टांत सगळीकडे सोळा, वीस, चोवीस आहे. मधेच कुठेतरी तेवीस येतो, कुठे सत्तावीस. आणि असा आकडा आला, की आठ तासांत तो पेशंट खाली अतिदक्षतेत. दरवेळी. हे कसं काय?"

मी कप खाली ठेवला. कुणीतरी पदर धरून भर बाजारात थांबवावं तसं झालं मला. मग सांगितलं तिला सगळं: पंधरा सेकंद आणि चारचा पाढा. "आणि पोटात गोळा आला ना, की मग आम्ही पाढा सोडतो. उभं राहून पूर्ण मिनिट मोजतो. चारच्या पाढ्यात न बसणारा आकडा म्हणजे सिस्टर घाबरलेली आहे."

अस्मिताचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तो हृदय शिकलाच नाही. तो तुम्हाला शिकला."

दुपारभर तिने आमच्याच काउंटरवर बसून हिशोब केला. जुन्या चार्टांतून पाढ्याबाहेरचे आकडे काढून टाकले आणि जागल्याची पुन्हा परीक्षा घेतली. निकाल छापा-काट्याच्या जरा वर. एवढाच. नाडी, ऑक्सिजन, आलेख, सगळं त्याने वरवर चाळलं होतं. खरी मेख होती ती आमच्या भीतीत. आणि ती भीती पट्टी लावल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली यांनीच पुसून टाकली होती. भीती वाटणाऱ्या सिस्टरांना घरी पाठवलं होतं ते वेगळंच. दोन वर्षं अठ्ठावीस माणसं रोज एका आंधळ्याच्या भरवशावर झोपत होती.

"वर कळव," मी म्हटलं.

"कळवते."

रविवारी दुपारी मी चर्चमधून आले तर अस्मिता माझ्या दारात. आत यायलाही तयार नव्हती.

"कळवलं," ती म्हणाली. "त्यांना फार आनंद झाला."

"आनंद?"

"म्हणाले, सिस्टरची शंका हा सगळ्यात ताकदवान घटक निघाला. आता जुन्या चार्टांवरून, सिस्टर असती तर कधी घाबरली असती, हे यंत्रच काढणार. त्या सोयीची नवी आवृत्ती उद्या सकाळी दाखवायची आहे. पाच इस्पितळांची माणसं येतायत. आणि..." ती थांबली. "ती आली की पाळीला एकच सिस्टर पुरेल म्हणतात."

मला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. माझ्या पोटातला गोळा, सत्तावीस वर्षांचा, माणसं मरताना बघून बघून जमलेला. तो काढून घ्यायचा, डबीत भरायचा, विकायचा आणि मला सांगायचं, बाई, आता तू घरी जा! मी अस्मितावर ओरडले. तिची चूक नव्हती, तरी ओरडले.

सोमवारी सातला कामावर गेले तर अक्काताई वॉर्डात परत आलेल्या. शनिवारपासून हिरव्या, म्हणून दहा वाजता घरी जायचा कागद तयार. नवं इरकल लुगडं, पिशवी भरलेली. मी समोरच होते. त्या चपला घालायला वाकल्या, अर्ध्यावर थांबल्या, सरळ झाल्या आणि पाय पुढे करून सुनेला म्हणाल्या, "तू घाल गं."

शिल्पाने घातल्या. उठताना तिने माझ्याकडे बघितलं. दहा वर्षांच्या संसारात या बाईने सुनेला कधी पायाला हात लावू दिला नव्हता, "मी काय लुळी हाय व्हय?" म्हणायच्या. वाकलं की दम लागतोय. पाणी परत चढतंय. आणि आरगला पोचेपर्यंत रस्त्यात कोण आहे?

मी इन्चार्ज जुबेदा मुल्लांकडे गेले. आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो. नोंद करायची परवानगी आता त्यांच्याकडेच होती.

आपा म्हणाल्या, "सोपं आहे. स्पंजच्या वेळेत तिचा श्वास मोजू, लिहू, लाल होईल, ठेवून घेतील. कुणाशी वाद नको."

"आणि नऊला मेहेंदळे पाहुण्यांना सांगतील, बघा, जागल्याने पुन्हा वाचवला. मग पाचही इस्पितळांत हेच. आपा, मी त्याला अजून एक घास भरवणार नाही."

"मग?"

"सगळ्यांचे मोजू. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. पूर्ण एक मिनिट."

आपांनी फोन उचलला. घरपोच सेवेतल्या चौघींपैकी तिघी पावणेआठला गणवेशात हजर होत्या. आठला आम्ही सुरुवात केली. पट्ट्या काढल्या, अंग पुसलं आणि प्रत्येक खाटेपाशी एकजण घड्याळ धरून उभी राहिली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या वॉर्डात कुणीही घाईत नव्हतं. आपा आकडे भरत गेल्या. सतरा, एकोणीस, अठरा, एकवीस. पडद्यावर एकेक चौकोन लाल होऊ लागला.

चौदा नंबर मी मोजला. चोवीस.

आपांचं बोट हवेत थांबलं. चोवीस म्हणजे चार सक चोवीस. पाढ्यातला. "ज्योत्स्ना, हिरवीच राहणार ती. तेवीस लिहू? एकानेच तर फरक आहे."

माझ्या तोंडाशी 'लिहा' आलं होतं. अक्काताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तोंड किंचित उघडं. एका खोट्या आकड्याने काम झालं असतं. पण मग सगळंच खोटं झालं असतं, आणि पुन्हा यंत्रच खरं.

"आहे तेच लिहा," मी म्हटलं.

पावणेनऊला लिफ्ट उघडली. पुढे मेहेंदळे साहेब, मागे पाहुणे. पडद्यावर अठ्ठावीसपैकी एकवीस चौकोन लाल. निहार पायऱ्यांवरून धावत आले होते, मधोमध उभे, कुठे वळावं ते कळत नव्हतं.

"ही तोडफोड आहे!" साहेबांचा आवाज चढला. "खोटे आकडे भरताय तुम्ही!"

आपांनी इस्पितळाची नियमावली पुढे धरली. "पान अकरा, साहेब. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. तुमचीच सही आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? कुठल्याही खाटेपाशी उभे राहा आणि मोजून बघा."

पाहुण्यांत एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्या खरंच तीन नंबरपाशी गेल्या, घड्याळ बघत उभ्या राहिल्या. सगळे थांबले. मिनिटाने त्या वळल्या. "एकोणीस. बरोबर आहे यांचं. आणि हे गृहस्थ ठणठणीत आहेत. मग लाल का?"

साहेबांनी अस्मिताकडे बघितलं. अस्मिता म्हणाली, "कारण जागल्याला खरा श्वास वाचायला कधी शिकवलंच नव्हतं, मॅडम. सिस्टर घाबरलीय का, एवढंच तो ओळखायचा. आज कुणी घाबरलेलं नाही, फक्त नीट मोजलंय." नोकरी गेली त्या दिवशी तिची.

निहार माझ्याजवळ आले. दोन वर्षांत त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं. "सिस्टर," ते म्हणाले, "यातलं खरं कोण?"

"चौदा."

"चौदा तर हिरवा आहे."

"माहीत आहे मला."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग गळ्यातला स्टेथोस्कोप काढून अक्काताईंच्या पाठीला लावला. डावीकडे, उजवीकडे, खाली. अक्काताई म्हणाल्या, "आता काय ऱ्हायलंय ऐकायचं? मला जायाचंय घरला." पण वाक्य पुरं करताना दोनदा थांबल्या. निहार बराच वेळ ऐकत होते. कानातून नळ्या काढल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते मला म्हणाले, "खालच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे. इंजेक्शन भरा." आणि घरी जायचा कागद त्यांनी स्वतः फाडला.

मी इंजेक्शन दिलं. शिल्पाने सासूच्या चपला काढल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कशावरून कळलं?"

"आज त्यांनी सुनेला चपला घालू दिल्या," मी म्हटलं.

मेहेंदळे साहेब उसळून म्हणाले, "मग हे तुम्ही चार्टमध्ये का लिहिलं नाही?"

मी चौदा नंबरचा चार्ट त्यांच्या हातात दिला आणि पेनही दिलं. "रकाना दाखवा, साहेब. लिहिते."